हळद उन्हात उडते

जानेवारीतली सकाळ. देहूरोड स्टेशनच्या फलाटावर तुम्ही लोणावळ्याहून येणाऱ्या लोकलची वाट पाहत उभे आहात. घोरावडेश्वराच्या डोंगरमाथ्यावर ऊन आलंय, फलाटावर अजून यायचंय. तुमच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर हळदीचा डाग आहे. परवा मावसबहिणीच्या हळदीत कुणाचा तरी ओला हात लागला. तुम्ही घाईघाईने साबण चोळलात, तर डाग लालभडक झाला आणि वाळल्यावर पुन्हा पिवळा. आई म्हणाली, "घासत बसू नकोस. उन्हात टाक, आपोआप उडेल." काल दिवसभर शर्ट गच्चीवर होता. डाग निम्मा उडालाय.

बाकावर तो बसलाय, भोसरीतल्या एका मोल्डिंगच्या शेडमधला ऑपरेटर. रोजच्या गाडीची ओळख. नाव तुम्ही कधी विचारलेलं नाही. मांडीवरच्या पिशवीत नमुन्याचा काळा दाणा आहे, साबुदाण्याएवढा. पॉलिप्रॉपिलीन, त्याच्या भाषेत 'पीपी'. चाकणच्या गाड्यांचे बंपर ज्या जातीच्या मालाचे होतात, त्याच जातीचा.

"थंडी पडली की आमचे हाल, दादा," तो म्हणतो. "पीस डायमधून निघाला रे निघाला की धूळ ओढतो. पुसला तर आणखी ओढतो. पावसाळ्यात हे काही नसतं."

गाडी येते. आत गर्दीची ऊब आहे. तुम्ही दारापाशी कसेबसे उभे राहून डोक्यावरून स्वेटर काढता. लोकरीच्या नावाखाली विकत घेतलेलं ते अ‍ॅक्रिलिक चटचट करतं, कानाशी निळसर ठिणगी उडते, आणि डबा नाहीसा होतो.

फलाट तोच, पण बुटका. दुसरं महायुद्ध चालू आहे. वरती विजेच्या तारा बघून तुम्ही चकित होता, पण त्यात चकित होण्यासारखं काही नाही. दख्खनची राणी १९३० पासून याच मार्गावर विजेच्या इंजिनाने धावते आहे. तारा चिनी मातीच्या वाट्यांवर तोललेल्या आहेत. खाली मालगाडीतून लष्करी सामान उतरतंय, कारण इथे माळावर डेपो उभा राहतोय. खोकी, पिंपं, तारांची भेंडोळी. एका भेंडोळ्याला हात लावून बघा. तांब्यावर रबर, रबरावर सुती विणकाम. टेलिफोनचा काळा डबा बेकेलाइटचा. वीज तांब्यातून धावते हे सगळ्यांना दिसतं. ती तांब्यातच राहावी म्हणून भोवती जे गुंडाळलंय, त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

इंग्लंडात १९३३ साली आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत दाबाच्या भांड्यात चुकून एक पांढरा, मेणचट पदार्थ सापडला होता. पॉलिथिन. युद्धात त्याचा उपयोग रडारच्या तारांचं वेष्टण म्हणून होतोय आणि तो गुपित आहे. पुढे हाच पदार्थ कोथिंबिरीच्या जुडीसोबत फुकट मिळणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या हमालाला सांगावंसं वाटतं. तोंड उघडता, आवाज फुटत नाही. या प्रवासाची अट आता तुम्हाला कळते: पाहायचं सगळं, सांगायचं काही नाही.

दारूगोळा जिथे हाताळला जातो तिथे स्वेटरमधली ही ठिणगी गमतीची गोष्ट उरत नाही. अशा इमारतीत शिरण्याआधी माणूस जमिनीत गाडलेल्या धातूच्या पट्टीवर तळहात टेकवतो आणि अंगावर साठलेली वीज मातीत सोडून देतो. देहूरोडला आजही दारूगोळ्याचा कारखाना आहे, धुराचे आणि प्रकाशाचे संकेत देणारा माल बनवणारा. गावाच्या उशाशी असं काही असलं की 'वीज साठून राहणं' या शब्दांना वेगळं वजन येतं.

तुम्ही मालगाडीच्या दाराच्या लोखंडी दांड्याला हात लावता. चट्ट.

२५ डिसेंबर १९५४. देहूरोडला आज माणसांचा पूर आहे. रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते व्हायची आहे. बैलगाड्यांतून, पायी, गाडीच्या टपावरून लोक येताहेत. तुम्ही गर्दीत उभे राहता आणि हळूहळू लक्षात येतं की इथे काहीतरी दिसत नाहीये. पितळी तांबे आहेत, कापडी पिशव्या आहेत, वर्तमानपत्रात बांधलेल्या भाकऱ्या, पत्रावळी, घोंगड्या, चामड्याच्या चपला. प्लास्टिक नाही. संध्याकाळी ही गर्दी पांगेल तेव्हा माळावर जे उरेल, ते गाई खातील किंवा वाळवी.

याच वर्षी मार्चमध्ये मिलानला जुलिओ नात्ता यांनी प्रॉपिलीनच्या वायूपासून सुबक, शिस्तीत रचलेली लांब साखळी तयार केली. हे ज्या उत्प्रेरकामुळे जमलं तो आदल्याच वर्षी जर्मनीत कार्ल झिग्लर यांना गवसला होता, टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांची जोडी. भोसरीच्या ऑपरेटरच्या मांडीवरचा काळा दाणा या दोघांचा वंशज. हा उत्प्रेरक ध्यानात ठेवा. तेरा वर्षांनी टोकियोत तो पुन्हा भेटणार आहे.

गर्दीतून बाहेर पडून तुम्ही पाषाणला पोचता. कसे, ते विचारू नका. देहूरोड-कात्रज बाह्यवळण अजून व्हायचंय. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची भव्य इमारत माळावर एकटी उभी आहे. पंडित नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी तिचं उद्घाटन केलं. संचालकांच्या खुर्चीत जॉर्ज इंगल फिंच आहेत. हेच ते फिंच, १९२२ साली एव्हरेस्टवर प्राणवायूची नळकांडी पाठीला बांधून सुमारे ८,३०० मीटरपर्यंत चढलेले, आणि त्या नळकांड्यांपायी इंग्रज गिर्यारोहकांची नाकं मुरडून घेतलेले. प्रयोगशाळेतला त्यांचा विषय म्हणजे पातळ थर. एखाद्या पृष्ठभागावरच्या केसाहून हजारपट बारीक पापुद्र्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकायचा आणि तो कसा विखुरतो यावरून आतली रचना ओळखायची. पुढच्या काळातलं सगळं सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्स असल्याच पापुद्र्यांत घडणार आहे. फिंचना ते ठाऊक नाही, आणि तुमचा आवाज बंद.

पुन्हा झटका. इमारत तीच, साल १९६०. आता संचालक के. वेंकटरामन आहेत, पहिले भारतीय संचालक. माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेतून तीन वर्षांपूर्वी आले. त्यांचा विषय रंग. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा १९५२ सालचा ग्रंथ जगभरच्या रंगरसायनज्ञांच्या टेबलावर असतो. तुम्ही फळीवरच्या बाटल्यांसमोर उभे राहता. निळी, किरमिजी, शेंदरी भुकटी. आणि तुमच्या बाहीवर अर्धा उडालेला पिवळा.

इथे जरा थांबू, कारण सगळी गोम इथे आहे.

कार्बनला चार हात. पॉलिथिनच्या साखळीत प्रत्येक कार्बन दोन हातांनी दोन शेजाऱ्यांना धरतो आणि उरलेल्या दोन हातांत दोन हायड्रोजन. चारही हात गुंतले. इलेक्ट्रॉन आपापल्या बंधात कुलूपबंद. म्हणून पॉलिथिन रंगहीन, म्हणून वीजरोधक. घासल्यावर बसलेला भार पृष्ठभागावर तसाच चिकटून राहतो, म्हणून धूळ ओढणारं. आणि बाहेरून कुणी झोंबायला आलं तरी मोकळा हात सापडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं न कुजणारं. ऑपरेटरची तक्रार आणि नदीकाठी अडकलेली पिशवी, दोन्हींचं मूळ एकच.

आता हळद घ्या. तिच्यातल्या कर्क्युमिनच्या रेणूत कार्बनच्या बंधांची रांग एकाआड एक अशी आहे: एकेरी, दुहेरी, एकेरी, दुहेरी. अशा रांगेत काही इलेक्ट्रॉन एका बंधाचे राहत नाहीत, रांगभर पसरतात. सैलावलेले हे इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाशातला काही भाग गिळू शकतात आणि उरलेला आपल्याला रंग म्हणून दिसतो. गाजराचा केशरी, टोमॅटोचा लाल, सगळे याच घराण्यातले. पण दुहेरी बंध म्हणजे सैल धरलेला हात. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन तो पकडतात, रांग मधेच तुटते, रंग जातो. आईला कर्क्युमिन माहीत नाही. रांग तोडायची कशाने, ते मात्र तिला पक्कं माहीत आहे.

तेव्हा पाषाणच्या या फळीवर जे मांडून ठेवलंय त्याला १९६० साली 'रंग' म्हणतात. पुढे त्यातल्या बऱ्याच घराण्यांना 'अर्धवाहक' म्हणतील.

पुढचा झटका जोराचा आहे. टोकियो, १९६७. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची प्रयोगशाळा, आणि एकतीस वर्षांचे हिदेकी शिराकावा. वेल्डिंगच्या दुकानात ज्या वायूची ज्योत निळी पेटते, त्या अ‍ॅसिटिलीनची साखळी बनवायचा प्रयत्न चालू आहे. नात्तांनी हे १९५८ मध्ये आपल्या उत्प्रेरकाने करून पाहिलं होतं. हाती आली काळी भुकटी, कशातच न विरघळणारी, कुणाच्याच कामाची नाही. कागदावर मात्र ही साखळी देखणी: प्रत्येक कार्बनवर एकच हायड्रोजन, चौथा हात मोकळा, म्हणून एकेरी-दुहेरी बंधांची रांग टोकापासून टोकापर्यंत. हळदीचीच रांग, पण संपतच नाही.

कोरियाहून आलेला पाहुणा संशोधक प्रयोग करतोय. कृतीत दिलेल्या प्रमाणापेक्षा उत्प्रेरक हजारपट जास्त पडलाय. तुम्हाला ते दिसतंय. तुम्ही हात पुढे करता, अर्थात काही होत नाही, आणि झालं नाही ते बरंच. भुकटी व्हायच्याऐवजी द्रावणाच्या पृष्ठभागावर साय धरते. फाटक्या चिंध्यांसारखी, पण चकाकणारी साय. दुसऱ्या कुणी भांडं घासायला टाकलं असतं. शिराकावा कारण शोधत बसतात, आणि मग तीच चूक पुन्हा पुन्हा मुद्दाम करतात. पुढच्या काही वर्षांत त्यांना तांब्याच्या रंगाची आणि चंदेरी रंगाची अशी दोन्ही पटलं हवी तेव्हा बनवता येऊ लागतात. प्लास्टिक, पण धातूसारखं दिसणारं. दिसणारंच फक्त. वीज अजून धड वाहत नाही.

१९७५ मध्ये अमेरिकेहून आलेले अ‍ॅलन मॅकडिअर्मिड टोकियोत आपल्याकडचा सोनेरी पदार्थ दाखवतात, गंधक आणि नायट्रोजनची साखळी. हिरव्या चहाच्या वेळी शिराकावा आपलं चंदेरी पटल पुढे करतात. पुढच्या वर्षी शिराकावा फिलाडेल्फियात आहेत, आणि तुम्हीही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या त्या खोलीत भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन हीगर यांची माणसं पटलाला चार तारा जोडून बसली आहेत. पटलाला आयोडीनची वाफ द्यायची. आयोडीन म्हणजे खरचटल्यावर आजी लावायची ते टिंक्चर, तेच. मापकातला आकडा चढू लागतो, चढत राहतो. पटलाची वाहकता एक कोटी पट वाढते.

का? आषाढीच्या दर्शनबारीत उभे राहून पाहा. बारी खच्चून भरली आहे, माणसाला माणूस चिकटलेला. जागा आहे म्हणून नव्हे, जागा नाही म्हणून कुणी हलत नाही. शिराकावांच्या पटलात इलेक्ट्रॉनांची अशीच गत होती: मार्ग तयार, पण गच्च. आयोडीन येतं आणि बारीतला एक माणूस उचलून नेतं. मागचा पुढे सरकतो, त्याच्या जागी त्याच्या मागचा. माणसं एकेक पाऊलच पुढे जातात, पण मोकळी जागा मात्र बारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मागे मागे धावते. विजेला एवढं पुरतं. देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करणाऱ्या पालखीसोबत जो कधी चालला असेल, त्याला हे समजवायला फळा लागत नाही.

१९७७ मध्ये शोध प्रसिद्ध झाला, २०००मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वर्तमानपत्रं विजेच्या प्लास्टिकच्या तारांची स्वप्नं रंगवतात. तुम्ही फिलाडेल्फियात आणखी थोडे थांबा आणि ते पटल हवेत उघडं पडू द्या. ते खराब होऊ लागतं. इलेक्ट्रॉनांना वाट देणारे दुहेरी बंध ऑक्सिजनलाही वाट देतात. पटल ठिसूळ होतं, वाहकता उतरते. हळदीच्या डागाचं जे गच्चीवर झालं, तेच. माझ्या मते या विषयाचं खरं नाट्य नोबेलच्या समारंभात नाही, इथे आहे. जे प्लास्टिक आपल्याला टिकायला हवं ते हवेत विरून जातं, आणि जे जावं असं वाटतं ते जात नाही. पॉलिअ‍ॅसिटिलीनची तार कुठल्याही घरात बसली नाही.

नंतरचा प्रवास म्हणजे या नाजूक रांगेला कवच शोधण्याचा. तो झरझर होतो. १९८७, रोचेस्टर: कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक सेंद्रिय पदार्थांचे दोन पातळ थर एकावर एक देऊन त्यांतून प्रकाश काढतात. १९९०, केंब्रिज: तसाच उजेड एका पॉलिमरमधून, हिरवट पिवळा. काटेकोर वाचक म्हणेल, माझ्या फोनच्या पडद्यात लहान रेणू आहेत, लांब साखळ्या नाहीत. बरोबर आहे. रांग तीच, लांबी आखूड. आणि तो पडदा हवाबंद करावा लागतो तो ऑक्सिजन आणि ओलाव्याच्या भीतीनेच.

एक थांबा मात्र तुम्हाला चुकवायचा नाही. १९९०चं दशक, जर्मनी. वाहक पॉलिमर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बाजारात आला तो कुठे? दिव्यात नाही, टीव्हीत नाही. आग्फाच्या फोटोच्या फिल्मवर. प्लास्टिकची फिल्म रिळावरून भरभर उलगडताना घासते, वीज साठते, अंधारात ठिणगी उडते आणि फोटोवर झाडाच्या फांद्यांसारखा डाग उमटतो. बायरच्या रसायनज्ञांनी थायोफिनच्या कड्यांची एक साखळी तयार केली होती, हवेत बऱ्यापैकी टिकणारी. तिचा निळसर पापुद्रा फिल्मवर दिला की साठलेली वीज निमूट निघून जाते. नोबेलच्या शोधाने पहिलं मोठं काम केलं ते हे, स्वेटरमधली ठिणगी विझवण्याचं. भोसरीच्या ऑपरेटरला हे सांगितलं तर तो म्हणेल, मग एवढी वर्षं होतात कुठे?

शेवटून दुसरा झटका. २३ जून २०१८, देहूरोडचा बाजार. आजपासून राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. भाजीवाली मावशी गिऱ्हाइकाला म्हणते, "पिशवी आणलीय का? नसंल तर पदरात घ्या." १९५४च्या गर्दीतली कापडी पिशवी काहींच्या हातात परत आली आहे, किंचित लाजत. मावशीच्या पाटीखाली मात्र जुन्या पातळ पिशव्यांचा गठ्ठा दडलाय. ती त्या टाकणार नाही, विकतच घेतल्यात. त्यांच्या साखळीतले सगळे हात गुंतलेले आहेत. वाट बघायची त्यांची तयारी मावशीपेक्षा जास्त आहे. बंदीवर तेव्हा फार चर्चा झाली, पण सगळी दंड कोणी भरायचा यावर. हा पदार्थ पाच मिनिटांच्या कामाला का लावला, हा प्रश्न बाजूलाच राहिला. रडारच्या तारेसाठी केलेली वस्तू आपण कोथिंबिरीला गुंडाळली.

चट्ट. लोकल. कुणाची तरी कोपरखळी लागते. आकुर्डी येतंय. बाहेर हमरस्त्यावर चाकणकडून निघालेला नव्या गाड्यांचा लांबलचक ट्रेलर दिसतो, वरच्या मजल्यावर एक लालभडक मोटार. हा लाल रंग बघून घ्या. १९७४ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड फार्नम वेगळंच संयुग बनवायला गेले आणि हाती आली थोडीशी लाल भुकटी. पुढे स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगीने तिच्यातून रंगांचं एक घराणं उभं केलं, डीपीपी. ऊन-पाऊस सोसणारा हा लाल मोटारींच्या रंगकामात इतका रुळला की त्यातल्या एका छटेला फेरारीचं नाव पडलं. एकेरी-दुहेरी बंधांची रांग इथेही आहे, पण कडी अशी घट्ट बसली आहेत आणि रेणू एकमेकांना इतके बिलगले आहेत की उन्हाला सहज हात घालता येत नाही. म्हणजे पॉलिअ‍ॅसिटिलीनला जे जमलं नाही ते या रंगाला जमतं.

मग याचीच साखळी केली तर? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश पाटील यांच्या गटाने याच डीपीपीचे तुकडे गुंफून पॉलिमर केले आणि त्यांतून इलेक्ट्रॉन किती चपळाईने सरकतात याचा अभ्यास केला. असे पॉलिमर शाईसारखे विरघळवून लवचीक पातळ पटलावर छापता येतात. सिलिकॉनसारखी हजार अंशांची भट्टी लागत नाही. वेग सिलिकॉनच्या स्फटिकाइतका नाही, तो यावा असा हट्टही नाही. छापून करायच्या ट्रान्झिस्टरला, अंगावर चिकटवायच्या संवेदकाला, वाकणाऱ्या सौरपट्टीला एवढा वेग चालतो. अडचण जुनीच: किती दिवस टिकेल? गाडीच्या बॉनेटवर वर्षानुवर्षं तगणारा रेणू विजेच्या कामाला जुंपला की कुठे कमजोर पडतो, हे शोधण्यात आज कित्येक पीएचड्या खर्ची पडताहेत. वेंकटरामन यांच्या फळीवरचे रंग आणि फिंच यांचे पापुद्रे इथे एका टेबलावर आलेत. दोघांपैकी कुणाला ही भेट दिसली असती तर काय म्हणाले असते, असं मनात येतं. पण आवाज अजून फुटत नाही.

"दादा, पार गप गप आज," ऑपरेटर म्हणतो, आणि तुम्हाला बोलता येतं.

"काही नाही," तुम्ही म्हणता. "तुमच्या मालाला थंडीत तो मसाला टाकत नाही का, वीज घालवायचा?"

"अँटिस्टॅटिक मास्टरबॅच? टाकतो की. पण तो वरती येऊन हवेतली ओल धरतो तेव्हा चालतो. आणि आता हवेत ओलच नाही ना." तो हसतो. "पाऊस पडला की मसाला चालतो, आणि पाऊस पडला की मसाल्याची गरज नसते."

चिंचवड जातं, पिंपरी जातं. कासारवाडीला तो पिशवी सावरत उठतो. उतरण्याआधी दाराच्या दांड्याला मुद्दाम बोट टेकवतो. चट्ट होतं, त्याला काही विशेष वाटत नाही. पिशवीचं तोंड सैल आहे. दोन-चार काळे दाणे डब्यात सांडतात, घरंगळत बाकाखाली जातात.

जागा रिकामी झाली म्हणून तुम्ही खिडकीशी बसता. धुकं विरलंय, ऊन थेट बाहीवर पडतंय. खडकी यायला अजून वेळ आहे. तुम्ही हात तसाच उन्हात ठेवता.